पालखीचं गाव नातेपुते

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, फलटण-पंढरपूर रस्त्यावर नातेपुते वसलं आहे. मुळात हा अवर्षणप्रवण भाग, पण नीरा उजव्या कालव्याने तालुक्यात पाणी आलं आणि ऊस उभा राहिला.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि इथे मुक्कामी येते. लाखोंचा मेळा एका रात्रीसाठी छोट्या गावात सामावतो. घरोघरी भाकरी थापल्या जातात. हा पाहुणचारच गावाची खरी श्रीमंती आहे.

चैत्रात गावाला ओढ शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाची. तेव्हा कावडी खांद्यावर घेऊन भाविक मुंगी घाटाचा अवघड चढ चढतात.

वारीत माऊलींच्या अश्वांचं गोल रिंगण पाहायचं असेल, तर इथल्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी पालखीबरोबर सदाशिवनगरपर्यंत चाला.