बंद पेटीतील बिघाडाचा शोध

दिनांक २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदाराने दिलेल्या मताची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दाखविणारी व्हीव्हीपॅट यंत्रे त्या दिवशी अनेक ठिकाणी बंद पडली. रांगा खोळंबल्या आणि ३० मे रोजी ४९ मतदान केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले.

यंत्र बंद पडले की बिघाडाचा संकेत उमटतो. काय बिघडले, एवढे त्यावरून कळते; का बिघडले, ते कळत नाही. निवडणूक आयोगाने नंतर जे कारण सांगितले ते साधेच होते. चिठ्ठीवरील छपाई ओळखणाऱ्या संवेदकावर अतिरिक्त प्रकाश पडत होता. पुढे त्या संवेदकावर लहानसे आच्छादन बसविण्यात आले.

येथे निदान संवेदक आणि कागद या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू होत्या. दोष चिपच्या अंतर्भागात असेल तर? तेथील लाखो जोडण्यांपैकी बाहेर येतात त्या केवळ काही शे तारा. म्हणूनच नवी चिप कारखान्यात घडविण्यापूर्वी तिची रचना पुष्कळदा ‘एफपीजीए’वर चालवून पाहतात. एफपीजीए ही पाटीसारखी असते. तिच्या अंतर्गत जोडण्या अभियंत्याला पुसून पुन्हा मांडता येतात.

परंतु पाटीवर मांडलेली रचनाही चालू असताना दिसत नाहीच. त्यासाठी रचनेतच एक टेहळणी विभाग बसवितात. संशयित तारांवरील शून्य-एकच्या नोंदी तो चिपमधील स्मृतीत सतत घेत राहतो, जुन्या पुसत जातो आणि ठरवून दिलेली घटना घडताच थांबतो. त्यामुळे बिघाडाच्या आधीचे क्षणही हाती लागतात. मात्र ही स्मृती तुटपुंजी असते. सेकंदाला दहा कोटी ठोके पडणाऱ्या रचनेत ४,०९६ नोंदी म्हणजे सेकंदाचा सुमारे पंचवीस हजारावा भाग! नेमक्या कोणत्या घटनेवर थांबावयाचे, हे ठरविण्यातच अभियंत्याचे खरे कसब लागते.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. धानाच्या बांधीतील पाणी कोठे मुरते हे पाहण्यासाठी खड्डा खणावा आणि त्या खड्ड्यानेच पाण्याची वाट बदलावी, तसे येथे घडते. नवी तार टेहळणीस जोडली की संगणक संपूर्ण मांडणी नव्याने करतो. मोठ्या रचनेत यास कित्येक तास लागतात, संदेशांचे मार्ग लांब-आखूड होतात आणि कधी कधी शोधावयाचा दोषच नाहीसा होतो. तो दुरुस्त झालेला नसतो. केवळ दडलेला असतो. यास्तव अनुभवी अभियंते कोणत्या तारा पाहाव्या लागतील याचा विचार रचना करतानाच करतात आणि त्यांच्यासाठी जागा राखून ठेवतात.