पुनर्विकासाच्या काळात आजी-आजोबा राहणार कोठे?

गिरगावातील जुन्या चाळींमध्ये सध्या एकच विषय आहे : पुनर्विकास. किती चौरस फूट मिळणार, कोणत्या मजल्यावर, गाडीला जागा मिळेल का, यांवर घरोघरी महिनोन्महिने खल चालतो. घरातील ऐंशी वर्षांच्या व्यक्तीने मधली तीन-चार वर्षे कोठे आणि कशी काढायची, हा प्रश्न मात्र बहुधा सामान बांधण्याच्या दिवशीच निघतो.

या चाळींची अवस्था एका दिवसात झालेली नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. तेवढ्या उत्पन्नात मालक डागडुजी करीना, आणि पागडी भरून आलेला भाडेकरू जागा सोडीना. आता उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचे, स्वतःच्या मालकीचे घर मिळते. दीड खोलीत जन्म काढलेल्या, सामायिक शौचालयासाठी रात्री जिना उतरणाऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा आहे. लिफ्ट आणि घरातले कमोड यांचे मोल संधिवाताच्या रुग्णाला विचारावे!

अडचण मधल्या काळाची आहे. बिल्डर देतो त्या भाड्यात गिरगावातच दुसरी जागा मिळणे कठीण, म्हणून कुटुंब डोंबिवलीला किंवा विरारला जाते. चाळीच्या गॅलरीत सकाळी एखादे दार उघडले नाही, तर शेजारी कडी वाजवतात. बंद दारांच्या इमारतीत ती देखरेख उरत नाही. ओळखीचा डॉक्टर आणि उधारीवर औषध देणारा दुकानदार दोघेही दुरावतात. ज्यांची स्मरणशक्ती मुळातच क्षीण झाली आहे, ते सायंकाळ झाली की “आता घरी चला” म्हणून हट्ट धरतात. त्यांच्याशी वाद घालू नये. जुन्या घराविषयी बोलत बसावे, मन हळूहळू निवते.

नव्या जागेत पहिले काही आठवडे पडण्याचा धोका विशेष असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने पाय अंधारातही वळतात, आणि येथे न्हाणीघर नेमके उलट्या बाजूला असते. म्हणून पलंग शक्यतो जुन्या घरातल्यासारखाच ठेवावा आणि वाटेवर रात्रभर लहान दिवा असावा. देव्हारा आणि आजोबांची खुर्ची पहिल्याच दिवशी लावावी, बाकीची खोकी नंतर उघडली तरी चालते. औषधांची यादी मात्रेसह ठळक अक्षरांत लिहून घ्यावी आणि पहिल्याच आठवड्यात तेथील डॉक्टरला दाखवावी.

भाड्याचा प्रश्नही आरोग्याचाच आहे. बिल्डरकडून भाडे थकले की वृद्ध मंडळी मुलांना न सांगता एक दिवसाआड गोळी घेऊ लागतात, आणि आम्हाला ते वाढलेल्या रक्तदाबावरून कळते. करारनामा नोंदणीकृत असावा आणि त्यात दरवर्षीची भाडेवाढ, आगाऊ धनादेश व बँक हमी यांचा उल्लेख असावा, असा आग्रह धरावा. वकिलाची फी येथे वाचवू नये.

परतल्यानंतर टॉवरचा मासिक देखभाल खर्च निवृत्तिवेतनाला झेपेल का, हेही आधीच मांडून पाहावे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, पण लिफ्ट, पंप आणि पहारेकरी यांचा खर्च सुटत नाही. कॉर्पसची रक्कम मिळाल्यास ती या खर्चासाठी बँकेत ठेवावी. नातवाच्या मोटारसायकलसाठी नव्हे.

भाडेपावती आजींच्या नावावर असेल, तर नवे घरही त्यांच्याच नावावर राहू द्यावे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. ती अट मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ते रद्द करून घेता येते.

आणि नकाशा अंतिम होण्यापूर्वीच बिल्डरला दोन गोष्टी लेखी कळवाव्यात : न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची आत जायला हवी, आणि कमोडशेजारच्या भिंतीत धरायला दांडा हवा.