शंभर वर्षांच्या पुराचा चुकीचा हिशेब

सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावरील एका गावात, एका निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर पावसाळ्याच्या तोंडी बसलो असता भिंतीवर तैलरंगाने ओढलेल्या तीन आडव्या रेघांकडे माझे लक्ष गेले. सर्वांत खालची २००५ ची, मधली २०२१ ची आणि माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली २०१९ ची. त्या साली गुरुजींनी ज्वारीची पोती २००५ च्या रेघेहून हातभर उंच फळीवर रचून ठेवली होती, कारण पाणी तिच्यापलीकडे जाणार नाही याविषयी घरात कोणालाच शंका नव्हती. पाणी ओसरल्यावर ती पोती फुगून फुटली होती आणि आंबलेल्या धान्याचा वास घरातून दिवाळीपर्यंत गेला नाही. गुरुजी हे सांगत असतानाच शेजारचे एक गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, “आता भ्या नाही, साहेब. शंभर वर्सांचा पूर हुता, यिऊन गेला.”

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी आणि इतक्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे, की आता ते ऐकताच मन अस्वस्थ होते. चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी २००५ मध्ये बाजारपेठेत शिरले तेव्हा ते बोलले गेले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा शिरले तेव्हाही बोलले गेले. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे; तेथे पाणी २००५ मध्ये ५३ फुटांच्या वर, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले. सोळा वर्षांत तीन वेळा घर धुऊन निघाल्यावरही ‘शंभर वर्षांची निश्चिंती’ मानली जाते, याचा दोष लोकांच्या बुद्धीला देण्याचे कारण नाही. दोष त्या शब्दप्रयोगाचा आहे, आणि तो समजावून न सांगता सरकारी दप्तरातून जसाच्या तसा लोकांच्या हाती देणाऱ्यांचा आहे.

जलशास्त्रात ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे ज्याची पातळी कोणत्याही एका वर्षी गाठली वा ओलांडली जाण्याची शक्यता शंभरात एक आहे, असा पूर. त्या संज्ञेत मुदत नाही, पाळी नाही आणि हप्ताही नाही. एका थैलीत नव्याण्णव पांढऱ्या कवड्या आणि एक काळी कवडी घालावी, दरवर्षी डोळे मिटून एक काढावी आणि वर्ष सरताच ती परत थैलीत टाकावी. यंदा काळी निघाली म्हणून पुढल्या वर्षी थैलीतील काळी कवडी नाहीशी होत नाही, आणि पन्नास वर्षे निघाली नाही म्हणून ती हाताशी येण्यास अधिक उत्सुकही होत नाही. या हिशेबाने तीस वर्षांच्या अवधीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वीस, आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यात ती जवळजवळ निम्मी भरते. उलट शंभर वर्षे पुरी होऊनही तो एकदाही न येण्याची शक्यता शंभरात छत्तीस-सदतीस उरतेच.

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामांचे नियमन ज्या दोन रेषांवर चालते, त्यांचाही अर्थ हाच आहे. निळी पूररेषा साधारणतः पंचवीस वर्षांच्या पुराची, आणि तिच्या आतील क्षेत्र निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, आणि दोहोंमधील पट्टा नियंत्रित. निळ्या रेषेच्या अगदी काठावर घर बांधून त्यात तीस वर्षे नांदणाऱ्या कुटुंबाच्या उंबऱ्यापर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सत्तर आहे, हे त्या कुटुंबाला जमिनीची खरेदी करतेवेळी कोणी सांगत असेल, असे मला वाटत नाही. ‘पंचवीस वर्षांचा’ हा शब्द ऐकून ते मनात एवढेच धरते, की आपली मुले मोठी होईपर्यंत तरी आपण सुरक्षित आहोत.

२००५, २०१९ आणि २०२१ चे तिन्ही पूर शास्त्रार्थाने शंभर वर्षांचे होते, असे माझे म्हणणे नाही. ते प्रत्येक ठिकाणच्या नोंदींवरून ठरते, आणि त्या नोंदी बहुधा काही दशकांच्याच असल्यामुळे ‘शंभर’ हा आकडा मुळात अनुमानाचा असतो. शिवाय त्या अनुमानामागे पावसाची जुनी रीत पुढेही तशीच राहील हे गृहीत असते, आणि तेच आता ढासळत आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखविले आहे. म्हणजे थैलीतील काळ्या कवड्या वाढत असताना आपण जुन्याच मोजणीवर विसंबून आहोत.

ही समजूत इतकी चिवट का, याचाही शोध विद्वानांनी घेतला आहे. रॉबर्ट केट्स या अमेरिकन भूगोलवेत्त्याने १९६२ मध्ये पूरमैदानांतील रहिवाशांच्या मुलाखतींवरून असे दाखविले, की माणूस भावी पुराची कल्पना स्वतः पाहिलेल्या पुराच्या मापाने करतो आणि त्याहून मोठा पूर त्याच्या कल्पनेत सहसा मावत नाही. गुरुजींची फळी हातभरच वर का होती, याचे उत्तर येथे मिळते. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दुसरी गोष्ट मांडली: यदृच्छा आपला तोल स्वतः सावरते, एका बाजूला झुकली की दुसऱ्या बाजूने भरपाई करते, असे माणसाला स्वभावतःच वाटते. शेजारच्या गृहस्थांचे ‘यिऊन गेला’ हे त्याच स्वभावाचे बोल होत. त्यातून कृष्णाकाठाला पूर परकाही नाही. नृसिंहवाडीस पाणी दत्तपादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडते, तेव्हा तो सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नानासाठी गर्दी लोटते. ओळखीच्या पाण्याविषयीची ही आत्मीयता मला आदरणीय वाटते. परंतु ओळखीच्या पाण्याची सवय अनोळखी पाण्याच्या वेळी घात करते.

या मुख्य भ्रमाच्या आश्रयाने काही धाकटे भ्रमही वावरतात.

‘पाऊस तर सरासरीइतकाच होतो, मग बदलले काय?’ महिन्याचा पाऊस चार दिवसांत पडला तरी सरासरी तीच राहते; २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्यांना वार्षिक सरासरीचा काही उपयोग नव्हता.

‘वर धरण आहे, आता पूर कसला?’ भरलेल्या धरणाला वरून येईल तेवढे पाणी खाली सोडावेच लागते, आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटावर त्याचा काहीच ताबा नसतो.

‘पूर येतो तो अलमट्टीमुळे.’ कर्नाटकातील या धरणाविषयीचा वाद जिव्हाळ्याचा आहे. परंतु राज्य शासनाच्याच वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचे मुख्य कारण अलमट्टीत पाहिलेले नाही, आणि सारा दोष सीमेपलीकडे ठेवला की आपल्याच पात्रातील भराव दिसेनासे होतात.

‘यंदा थंडी कडाक्याची पडली, मग तापमानवाढ कोठे?’ हवामान तीस वर्षांच्या सरासरीने मोजतात, एका पहाटेने नव्हे.

‘आकडे सांगितले की लोक सावध होतात.’ हा भ्रम आम्हा लिहिणाऱ्यांचा, आणि केट्सच्या अभ्यासानंतर तो बाळगण्यास सबब उरत नाही. शंभरात एक हे प्रमाण कोणाच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. भिंतीवरची रेघ उभी राहते.

म्हणून माझी सूचना रेघेचीच आहे. पंचायतीने लाल पूररेषेची उंची जलसंपदा खात्याकडून मागून घ्यावी आणि ती चावडीच्या, शाळेच्या व देवळाच्या भिंतीवर लाल रंगाने उमटवावी. गुरुजींना मी हे सुचविले तेव्हा त्यांनी काठीच्या टोकाने २०१९ च्या रेघेवरची कोरी भिंत तुळईपर्यंत चाचपली आणि मग म्हणाले, “आमच्याकडे विचारतात, आयर्विनला किती फूट? किती फुटाला घर सोडायचं, ते मात्र ठरवलेलं नसतं.” त्यांचे म्हणणे पूर्ण खरे आहे. तो आकडा उन्हाळ्यात, डोके शांत असताना, घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावा, जनावरे कोणत्या माळावर न्यायची तेही त्यासोबत लिहून दारामागे लावावे, आणि चार-सहा वर्षे पूर आला नाही म्हणून तो एका फुटानेही वर सरकवू नये.