निसर्गोपचाराला निघालात? गोळ्यांची पिशवी घरी ठेवू नका

ऊस कारखान्याला गेला, बिल बँकेत जमा झाले, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की आमच्या अकलूज-माळशिरस भागातून इंदापूर-भिगवणमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत दरवर्षी काही मंडळी अशी दिसतात, की त्यांना ना लग्नाला जायचे असते, ना बाजाराला. ती निसर्गोपचाराला निघालेली असतात. आठ-दहा दिवस राहायचे, माती लावून घ्यायची, रस प्यायचा, पोट साफ करून घ्यायचे आणि हलके होऊन परत यायचे, असा बेत असतो. निघण्यापूर्वी त्यांपैकी काहीजण आमच्या दवाखान्यात डोकावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, तिथं जायचं म्हणजे आता ह्या गोळ्या बंदच करू ना?"

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. पण नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, म्हणून आजचा हा लेख.

मी अॅलोपॅथीचा डॉक्टर असल्याने निसर्गोपचाराची टिंगल करीन, असे कुणाला वाटत असेल तर ते खरे नाही. आपल्या सोलापूर-पुणे रस्त्यावरच, पुण्याच्या अलीकडे साधारण तीस किलोमीटरवर, उरुळी कांचन आहे. महात्मा गांधी मार्च १९४६ मध्ये तेथे येऊन राहिले, खेड्यातल्या रुग्णांवर त्यांनी उपचार केले आणि त्यातूनच तेथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. त्यापूर्वी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजी तेथे उतरतही असत. परंतु शहरातल्या अशा संस्थेत खेड्यातला गरीब येणार कसा, हे लक्षात आल्यावर त्यांनी खेडे निवडले. गांधीजी पुढे निघून गेले. मागे राहिले ते मणिभाई देसाई. त्यांनी आयुष्य त्याच गावात घालवले, १९६७ साली तेथूनच 'बाएफ' ही संस्था सुरू केली आणि १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या गोठ्यात जी संकरित गाय उभी आहे, तिचा संबंध या निसर्गोपचारवाल्या गृहस्थांशी पोहोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्यात दिनशांच्या जागेत, ताडीवाला रस्त्यावरील बापू भवनात, १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे.

याच गांधीजींची आणखी एक गोष्ट सांगतो. माती, पाणी आणि उपवास यांवर त्यांचा विश्वास केवढा, हे सर्वश्रुत आहे. पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे अपेंडिक्स सुजले, तेव्हा त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. पोटावर मातीपट्टी ठेवून ते थांबले नाहीत. कोणत्या दुखण्याला माती आणि कोणत्या दुखण्याला सुरी, एवढा भेद करावाच लागतो.

गोळी आणि रिकामे पोट

मूळ अडचण अशी आहे. आपली गोळी ही आपल्या रोजच्या जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते. दोन वेळा भाकरी, भात, कालवण, चार वेळा साखरेचा चहा एवढे गृहीत धरून डॉक्टर डोस ठरवतो. निसर्गोपचार केंद्रात पहिल्याच दिवशी हे सगळे बंद होते. सकाळी दुधीचा रस, दुपारी उकडलेली भाजी, संध्याकाळी सहाला ताक किंवा सूप. आपल्या एकादशीच्या उपवासासारखा हा प्रकार नव्हे. एकादशीला 'दुप्पट खाशी' असते. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, केळी, त्यामुळे साखर उतरण्याऐवजी चढते. इथे खरोखर पोट रिकामे असते.

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. जेवण नाही आणि गोळी चालू, तर रक्तातली साखर खाली खाली जाते. आमच्याकडचे एक बागायतदार, साठीच्या आतले, शहरालगतच्या एका रिसॉर्टवजा केंद्रात गेले होते. तेथे कुणी गोळ्यांचे विचारले नाही आणि यांनीही सांगितले नाही. घरच्या सवयीने रोज सकाळी ग्लिमेपिराइड घेत राहिले आणि वर दुधीचा रस. तिसऱ्या दिवशी पहाटे दरदरून घाम आला, हातपाय थरथरू लागले, असंबद्ध बोलू लागले. तेथल्या सेवकाला वाटले, शरीरातली घाण बाहेर पडते आहे. बरोबर आलेल्या पत्नी शहाण्या. त्यांनी हट्ट धरून गाडी मागवली. रुग्णालयात पोहोचले तेव्हा साखर ३८ होती. ग्लुकोज लावल्यावर शुद्धीवर आले, पण या गोळ्यांचा अंमल लांबतो म्हणून एक दिवस ठेवून घ्यावे लागले.

तेव्हा घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, एकाएकी चिडचिड किंवा बरळणे यांपैकी काहीही झाले, तर मधुमेही माणसाने आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून प्यावी, मग केंद्राचे नियम पाहावेत. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. पाणीसुद्धा नको, थेट रुग्णालय गाठावे.

मग गोळी बंदच केलेली बरी, असा अर्थ कुणी काढील, तर तसेही नाही. काही गोळ्या कमी कराव्या लागतात, काही त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात आणि काही एक दिवसही थांबवता येत नाहीत. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी एकदम कोसळत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांची तऱ्हा उलटी. कडक उपवासात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकते, मळमळ, पोटदुखी, धाप लागते आणि गंमत अशी, की साखर मोजली तर ती फारशी वाढलेली नसते. म्हणून या गोळ्या उपवासाच्या काही दिवस आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलाचे इन्सुलिन मात्र कोणत्याही आश्रमात, कोणाच्याही शब्दावर बंद करायचे नाही. डोस कमी होईल, बंद नाही. ते दोन-तीन दिवसांत जिवावर बेतते.

फिट्सची गोळी, टीबीचा कोर्स, हृदयात स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, स्टिरॉइड, थायरॉइडची गोळी यांना हात लावू नये. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल या हृदयाच्या गोळ्या एकदम सोडल्या तर छातीत कळ येऊ शकते. रक्तदाबाच्या इतर गोळ्यांचे मात्र पाहावे लागते. अळणी जेवण, उपवास आणि वर बाष्पस्नान, एवढे झाल्यावर रक्तदाब आपोआप उतरतो. त्यात लघवीची गोळी चालू असेल, तर वयस्क माणूस वाफेच्या पेटीतून उठताना कोसळतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो.

माती, पाणी, रस

पोटावरची मातीपट्टी, कटिस्नान, हलकी मालिश, सकाळचे फिरणे, आसने यांत बहुतेकांना धोका नाही आणि बरे वाटते हे खरे. मला काळजी वाटते ती गरम पादस्नानाची. दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायांना संवेदना कमी असते. पाणी किती कढत आहे हे त्यांना कळत नाही. पाय भाजतो, फोड येतो, जखम चिघळते, आणि मग बोट काढायची वेळ येते. पाण्यात पाय घालण्याआधी बरोबरच्या माणसाने कोपर बुडवून पाहावे. एवढी साधी गोष्ट आहे.

रसांविषयी दोन शब्द. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नये. ओतून द्यावा. कडू दुधीत विषारी द्रव्य असते. दिल्लीत २०१० साली त्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. 'कडू तेवढे गुणकारी' ही आपली समजूत इथे घातक आहे. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी पालकाचा रस, फळांचे रस आणि शहाळ्याचे पाणी मुबलक पिऊ नये. त्यातले पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या ते आणखी वाढवतात.

गरोदर स्त्रीने उपवास, एनिमा व बाष्पस्नान करू नये. ज्याचे वजन कारण नसताना उतरते आहे, शौचावाटे रक्त जाते आहे किंवा महिनाभर ताप आहे, त्याने आधी निदान करून घ्यावे, मग कुठे जायचे ते ठरवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत डोके दुखते. बहुतेक वेळा तो चहा सुटल्याचा परिणाम असतो आणि आपोआप थांबतो. केंद्रातले लोक अशा त्रासाला 'उभार' म्हणतात. म्हणोत. पण छातीत दुखणे, धाप, बरळणे, एका बाजूची शक्ती जाणे यांना उभार म्हणून स्वस्थ बसणारे कुणी भेटले, तर तेथून सामान उचलावे.

नाव घालण्यापूर्वी

केंद्र कसे आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. दाखल करताना तुमच्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि आजार कोणी विचारतो का, हे पाहावे. विचारत नसेल तर बाग कितीही सुंदर असो. उपचार करणारे कोण, त्यांचे शिक्षण काय, हे विचारण्यात संकोच नको. निसर्गोपचाराची बी.एन.वाय.एस. ही साडेपाच वर्षांची पदवी आहे. पंधरा दिवसांचे शिबिर करून आलेला माणूस वेगळा. साखर आणि रक्तदाब रोज मोजतात का, रात्री काही झाले तर डॉक्टर कोण आणि रुग्णालय किती लांब, हेही विचारावे. खर्च किती, मधेच निघाल्यास पैसे परत मिळतात का, आपल्या विम्यात हे बसते का, याची चौकशी फोनवरच करावी. मागाहून वाद घालण्यात अर्थ नसतो.

आणखी एक खूण आहे. शुद्ध निसर्गोपचारात औषध नसतेच. माती, पाणी, ऊन, हवा, आहार, एवढाच कारभार. तेव्हा 'निसर्गोपचार' अशी पाटी लावून कोणी सांधेदुखीची किंवा दम्याची बिननावाची पुडी देत असेल, तर सावध राहावे. ज्या पुडीने चार दिवसांत गुडघे हलके होतात, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले सापडते. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि पुडी एकदम सोडली तर माणूस गळून पडतो. मधुमेह, कर्करोग, फिट्स 'हमखास बरे करणाऱ्या' औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी एस.टी. स्टँडच्या भिंती अशा जाहिरातींनी रंगलेल्या असतात.

मग या सगळ्याचा फायदा काय, असे कुणी विचारील. फायदा आहे, आणि तो मोठा असू शकतो. ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात, सहा वर्षांच्या आत मधुमेह जडलेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या स्थूल लोकांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी एवढाच आहार दिला. २०१७ च्या अखेरीस निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभराने शंभरातल्या ४६ जणांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. त्यांच्या गोळ्या पहिल्या दिवशीच बंद केल्या होत्या, पण डॉक्टरांनी, तपासण्या ठेवून. आणि ज्यांचे वजन पुन्हा वाढले, त्यांतल्या बहुतेकांचा मधुमेहही परतला. निसर्गोपचाराच्या दहा दिवसांत जे तीन-चार किलो उतरतात, त्यात पाण्याचा भाग बराच असतो. खरा लाभ तंबाखू-मिश्री सुटण्याचा, लवकर जेवण्याचा, पहाटे चालण्याचा, आणि तो घरी चालू ठेवला तरच टिकतो.

निघण्यापूर्वी सात-आठ दिवस आपल्या डॉक्टरांकडे जावे. केंद्राचा आहारतक्ता फोनवर मागवून सोबत न्यावा. कोणती गोळी किती, कोणती बंद, हे कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद गोळ्यांसकट केंद्रातल्या डॉक्टरांच्या हातात द्यावा. सगळ्या गोळ्या, कंबरदुखीची अधूनमधून घेतलेलीसुद्धा. ग्लुकोमीटर असेल तर बरोबर घ्यावा आणि शबनमच्या कप्प्यात साखरेची पुडी असू द्यावी. परत आल्यावर पहिले दोन दिवस मऊ भात, मुगाची आमटी असे हलके खावे. आल्या दिवशी मटणाच्या रश्श्यावर बसणारे आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येतातच. घरचे जेवण सुरू झाले की साखर आणि रक्तदाब पुन्हा वर सरकतात. म्हणून आठवड्याने दोन्ही तपासून गोळ्यांचा डोस नव्याने ठरवून घ्यावा लागतो. येताना केंद्राने दिलेला कागद आणायला विसरू नये.