प्रतारक अभिकल्प

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मजकूर, बटणे व पायऱ्या यांची मांडणी वापरणाऱ्याने स्वतःच्या हिताविरुद्ध, बहुधा नकळत, निर्णय घ्यावा अशा बेताने केलेली असल्यास तिला प्रतारक अभिकल्प म्हणतात. यासाठी ‘डार्क पॅटर्न’ ही संज्ञा हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश तज्ञांनी २०१० मध्ये रूढ केली; पुढे त्यांनीच ‘डिसेप्टिव्ह पॅटर्न’ हा शब्द स्वीकारला.

खोट्या जाहिरातीहून याचे वेगळेपण असे, की यात एकही विधान असत्य असावे लागत नाही. सदस्य होण्याचे बटण ठळक व एका स्पर्शाचे असते, तर सदस्यत्व रद्द करण्याची वाट अनेक पानांआड दडलेली असते. संमतीच्या चौकोनात खूण आधीच केलेली असते. एखादे शुल्क पैसे भरण्याच्या क्षणीच प्रकट होते. माणूस पडद्यावरील मजकूर सहसा वाचत नाही, त्यावरून नजर फिरवितो आणि आधीच निवडलेले तसेच राहू देतो. चांगला अभिकल्पक याच सवयींचा उपयोग सोयीसाठी करतो. त्यामुळे प्रतारक अभिकल्प हे अकुशल काम नसून कौशल्याचाच दुरुपयोग होय.

मानव-संगणक आंतरक्रिया या शाखेत हा विषय प्रथम उदाहरणांच्या संग्रहापुरता होता. कॉलिन ग्रे व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा उदाहरणांवरून तगादा, अडथळा, लपवाछपवी, मांडणीतील ढवळाढवळ व सक्तीची कृती अशी पाच सूत्रे मांडली. प्रत्यक्ष मोजणी प्रिन्स्टन विद्यापीठात झाली. अरुणेश माथूर यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये सु. ११,००० विक्री-संकेतस्थळे आज्ञावलीद्वारे तपासली (त्यांचे डॉक्टरेटचे संशोधनही याच विषयावरील आहे). त्यांत १,२५४ स्थळांवर १,८१८ प्रकार आढळले. काही ठिकाणी सवलतीची मुदत दाखविणारे घड्याळ शून्यावर येऊनही सवलत तशीच राही. अशा युक्त्या तयार स्वरूपात पुरविणारे २२ बाहेरचे पुरवठादारही उघडकीस आले. आज्ञावली फक्त मजकूर वाचीत असल्याने रंग व आकार यांतील फसवणूक तिला दिसत नव्हती. शिवाय तपासणी इंग्रजी स्थळांपुरती होती. त्यामुळे हे आकडे किमान समजावयास हवेत.

परिणामांबाबत जेमी लुगुरी व लायोर स्ट्राहिलेविट्झ यांचे अमेरिकेतील प्रयोग (२०२१) महत्त्वाचे आहेत. साध्या मांडणीच्या तुलनेत सौम्य प्रतारणेने एक सशुल्क सेवा स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक, तर तीव्र प्रतारणेने जवळजवळ चौपट झाले. तीव्र प्रकारांनी लोक चिडले. सौम्य प्रकारांनी तसे झाले नाही आणि कमी शिकलेले लोक त्यांना अधिक बळी पडले. सौम्य प्रकार अधिक घातक मानावा लागतो तो यामुळेच.

यूरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमात या प्रकारांना बंदी घातली. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून खोटी निकड, टोपलीत परस्पर टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्यास लाजविणे, वर्गणीचा सापळा इ. १३ प्रकार नमूद केले. अंमलबजावणीत हेतू सिद्ध करणे कठीण जाते. एकाच पानाच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवून जिच्यामुळे विक्री वाढते ती आवृत्ती ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे कोणीही फसविण्याचे न ठरविताही फसवी मांडणी टिकून राहू शकते.