मुद्रांकावरची सही आणि न्यायालयाचा हुकूम

माझ्या परिचयातील एका शिक्षिकेने दोन वर्षांपूर्वी, रात्री मुलगा झोपल्यावर, मोबाइलवर घटस्फोटाच्या करारनाम्याचा नमुना शोधून काढला. रकान्यांत नावे, तारखा भरल्या, मुद्रांकावर मजकूर छापून घेतला, दोघांनी सह्या केल्या आणि नोटरीचा शिक्का बसला. त्या रात्री आपण कित्येक महिन्यांनी शांत झोपलो, असे ती सांगते. यंदा तिच्या पुनर्विवाहाचा विषय निघाला, तेव्हा नात्यातल्या एका वकिलाने तो कागद वाचून बाजूला ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ती अजूनही विवाहितच होती. झोप पुन्हा उडाली.

फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड हे शब्द आपल्या भाषेत इतके मुरलेले आहेत, की कागद झाला म्हणजे नाते सुटले, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. हिंदू विवाह कायदा, 1955 लागू असणारा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. एखाद्या समाजात घटस्फोटाची रूढी असल्यास कायदा ती मानतो. परंतु ती सिद्ध करण्याचा भार तसा दावा करणाऱ्यावर असतो. पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह रद्दबातल ठरतो आणि तो गुन्हाही आहे.

मग ऑनलाइन काय होऊ शकते? अर्ज पोहोचवता येतो. ई-कोर्ट्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर नोंदणी करून याचिका, प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रे पीडीएफ स्वरूपात चढवता येतात, न्यायालय शुल्कही भरता येते. प्रकरण नोंदले गेले, की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि पुढची तारीख त्यावरून घरबसल्या कळते. कागदी प्रतीही लागतील का, हे मात्र त्या त्या न्यायालयाच्या दाखल-कक्षात आधीच विचारावे, हेलपाटा वाचतो.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद, कलम 13-ब, या कायद्यात 1976 मध्ये आली. अर्जापूर्वी किमान एक वर्ष दोघे वेगळे राहिलेले असावे लागतात. वेगळे म्हणजे पती-पत्नी म्हणून नव्हे. एकाच छताखाली राहूनही हे घडू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये स्पष्ट केले. विवाह जेथे झाला किंवा दोघे शेवटचे एकत्र जेथे राहिले, तेथील कुटुंब न्यायालयात अर्ज करता येतो. ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयात. अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले असतील, पोटगी आणि मुलांचे प्रश्न खरोखर मिटले असतील आणि वाट पाहण्याने यातनाच लांबणार असतील, तर हा काळ माफ करता येतो, असा निर्णय 2017 चा आहे. विशेष विवाह कायद्याखालीही अशीच वाट आहे; गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कुटुंब कायदा असल्याने तेथील वाचकांनी स्थानिक वकिलांना विचारावे.

कागदपत्रांची यादी फार मोठी नाही: विवाहाचा दाखला, नसेल तर लग्नपत्रिका आणि छायाचित्रे, दोघांच्या पत्त्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले. अडते ते नावापाशी. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. अशा वेळी याचिकेत दोन्ही नावे ‘ऊर्फ’ घालून लिहावीत आणि पुरावा जोडावा.

खरे कष्ट संमतीच्या अटी लिहिण्यात आहेत, आणि तयार नमुन्यात नेमकी हीच जागा दोन ओळींची असते. ‘मुलाचा ताबा आईकडे राहील, वडील भेटू शकतील’ एवढ्याने काहीच ठरत नाही. कोणत्या वारी भेटतील? गणपतीत तो कोठे असेल, मे महिन्याची सुटी कशी वाटायची, शाळेचे शुल्क आणि पारपत्राची सही कोणाची? या शिक्षिकेच्या मुलाला दमा आहे. तेव्हा इनहेलर दोन्ही घरी असावा, औषध बदलल्यास त्याच दिवशी दुसऱ्याला कळवावे, रात्री दवाखान्यात न्यावे लागले तर खर्च कोणी करावा, हेही लिहावे लागते. आरोग्य विम्याचा विसर तर बहुतेकांना पडतो. पतीच्या नोकरीतून मिळालेल्या सामूहिक विम्यातून घटस्फोटानंतर पत्नी सहसा बाहेर पडते; मधुमेह किंवा थायरॉइड असेल, तर नव्या विम्याची चौकशी अर्जाआधीच करावी. पोटगी एकरकमी की दरमहा, कोणत्या तारखेला, स्त्रीधनाची यादी कोणती, हेही स्पष्ट असावे. गृहकर्जाबाबत एक सावधानता: ‘हप्ते तो भरील’ असे आपसात ठरले, तरी सहकर्जदार म्हणून तुमचे नाव बँकेच्या दप्तरी राहतेच.

हे लिखाण रात्री करू नये. दिवसा, जेवण झाल्यावर, फार तर तासभर बसावे. विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचावे. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. सहीची तारीख पुढे गेली तरी चालते. कुटुंब न्यायालयातील समुपदेशकांसमोर बसणे अनेकांना व्यर्थ वाटते. मला तसे वाटत नाही. घरी ज्या मुद्द्यावर आवाज चढतो, तो तेथे कधी कधी पुरा बोलून होतो.

दडपणाखाली केलेली सही ही संमती नव्हे. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. घरात हिंसा होत असेल, तर अटींच्या चर्चेला एकटीने बसूच नये; 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. मोफत विधी साहाय्यासाठी 15100 वर दूरध्वनी करता येतो, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

शिक्षिकेची दोन वर्षे अगदीच वाया गेली नाहीत. वेगळे राहण्याची वर्षाची अट त्यात पुरी झाली. पतीही नव्याने अर्ज करण्यास तयार आहे. विवाहाची नोंदणी झालेली नसल्याने तिने आईच्या पेटीतून लग्नपत्रिका शोधून आणली आहे. अटींचा तिसरा मसुदा चालू आहे, आणि मे महिन्याच्या सुटीवर अजून एकमत व्हायचे आहे.