फोटोतला वाकडा धुरा

आपण आसगावची मंडळी धान पिकवतो. धानाच्या बांधीला धुरा हवाच. धुरा पाणी अडवतो. आपली हद्द कुठे आणि शेजाऱ्याची कुठे, हेही धुराच सांगतो. म्हणून भांडण निघाले, तर तेही बहुधा धुऱ्यावरूनच निघते.

मागे एकदा रोवणीच्या आधी दोन सख्खे भाऊ माझ्या घरी आले. दोघेही माझे जुने विद्यार्थी. धाकट्याच्या हातात मोबाईल होता. तो म्हणाला, "पाहा जी गुरुजी, दादानं धुरा सरकवला. मधातून पुरा माझ्या बांधीत आला. फोटो का खोटा बोलते?"

फोटो चांगला लांबलचक होता. या टोकाच्या मोहाच्या झाडापासून त्या टोकाच्या बोडीपर्यंत सगळा धुरा त्यात आला होता. आणि खरेच, मधोमध तो धाकट्याच्या बाजूला फुगलेला दिसत होता. थोरला म्हणाला, "गुरुजी, मी एक ढेकूळ हलवलं नाही." दोघांचे बोलणे बंद व्हायची वेळ आली होती.

आता खरे कोणाचे मानायचे? ते कळायला, असा लांब फोटो बनतो कसा, हे आधी पाहू.

तुकडे जोडून चित्र

पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याला ३३ दरवाजे आहेत. धरणासमोर जवळ उभे राहा. सगळे दरवाजे एका फोटोत मावत नाहीत. मागे मागे गेलो, तर दरवाजे बारीक होतात. मग आपण काय करतो? मान वळवतो. डोळा एकेक भाग पाहतो आणि मन ते भाग जोडून घेते.

लांब फोटोही असाच बनतो. त्याला 'पॅनोरमा' म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांपासून झाला. त्याचा अर्थ 'सगळे दृश्य'. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली चौफेर दिसणाऱ्या गोल चित्राचा हक्क नोंदवला. पुढे लंडन शहरात अशा चित्रांसाठी गोल इमारतही बांधली गेली. लोक मधे उभे राहत आणि सभोवार चित्र पाहत.

मग कॅमेरा आला. १८५८ साली फेलिचे बेआतो हा परदेशी छायाचित्रकार आपल्या देशात आला. त्याने लखनौ शहराचे असे लांब फोटो काढले. एक भाग टिपायचा, कॅमेरा थोडा वळवायचा, पुढचा भाग टिपायचा. मग कागदावरचे फोटो एकाशेजारी एक लावायचे. आज हेच काम मोबाईल क्षणात करतो.

जोड कसा बसतो?

गोधडी शिवताना आपण एका कापडाची कड दुसऱ्यावर घेतो. कडेला कड नुसती टेकवली, तर फट राहते. फोटोचेही तसेच आहे. पहिल्या फोटोचा सुमारे तिसरा हिस्सा दुसऱ्या फोटोत पुन्हा यावा लागतो. मग यंत्र दोन्ही फोटोंत सारख्या खुणा शोधते. देवळाचा कळस, झाडाची दुफांदी, दगडाचा कोपरा. खुणेवर खूण ठेवते आणि जोड पुसून टाकते.

फोटो काढताना कोणी चालत असेल, तर घोटाळा होतो. एखादा बैल अर्धाच येतो. कधी एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो! म्हणून चालती माणसे व जनावरे थांबू द्यावीत.

पाय एका जागी

एक डोळा मिटा. अंगठा समोर धरा आणि त्याच्या मागचे झाड पाहा. आता तो डोळा उघडा आणि दुसरा मिटा. अंगठा झाडावरून सरकला ना? अंगठा हलला नाही. पाहण्याची जागा बदलली, एवढेच.

मी एकदा तलावाच्या पाळीवर चालत चालत फोटो काढले आणि घरी येऊन जोडायला बसलो. दूरची टेकडी जुळली, पण जवळचे झाड जुळेना. कारण हेच. म्हणून चालू नये. कोपरे अंगाशी धरावी. जागच्या जागी, सावकाश वळावे. सूर्य पाठीशी असावा, म्हणजे एक बाजू काळी आणि एक पांढरी होत नाही.

सरळ रेघ वाकते कशी?

आता मुख्य गोष्ट. लांब भिंतीसमोर मधोमध उभे राहा. समोरचा भाग जवळ असतो, म्हणून मोठा दिसतो. दोन्ही टोके दूर असतात, म्हणून लहान दिसतात. मोबाईल वळता वळता हे सगळे भाग टिपतो आणि एका पट्टीत मांडतो. मग भिंतीचा पाया मधे खाली उतरतो आणि टोकांना वर चढतो. भिंतीला पोट आल्यासारखे दिसते. पोट नेहमी फोटो काढणाऱ्याकडे येते. भिंत मात्र सरळच असते.

पुन्हा धुऱ्यावर

मी दोघांना घेऊन शेतावर गेलो. थोरल्याला म्हटले, "आता तू तुझ्या बांधीत उभा राहून तसाच फोटो काढ." त्याने काढला. या फोटोत धुरा थोरल्याच्या बांधीत शिरला होता!

मग धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही सुतळी ताणली. सुतळी ताठ, सरळ. तिचाही लांब फोटो घेतला. त्यात सुतळी धनुष्यासारखी वाकली. धाकटा बराच वेळ कधी सुतळीकडे, कधी मोबाईलकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी उगाच बोललो." थोरला काही बोलला नाही. सुतळी गुंडाळू लागला.

मी मात्र दोघांना बजावले, "सुतळीनं धुरा सरळ आहे एवढंच कळलं. हद्द कुठं आहे, हे सुतळी सांगत नाही आणि फोटोही सांगत नाही. शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीत निघेल ते दोघांनी मानायचं."

मग लांब फोटो काय कामाचा? पुष्कळ कामाचा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला होता. अशा वेळी पाणी कुठून कुठपर्यंत पसरले, हे लांब फोटोत एका नजरेत दिसते. पण त्याच जागेवरून साधे फोटोही काढावेत. ते पुसू नयेत. जोडलेल्या फोटोविषयी कोणी शंका घेतली, तर साधे फोटो दाखवता येतात. पंचनामा तर वेगळा करून घ्यावाच.

लक्षात ठेवा. लांब फोटोत काय काय आहे, ते पाहावे. किती लांब, किती वाकडे, हे त्यावरून ठरवू नये. आणि भावाशी भांडण्याआधी, पलीकडच्या बांधीत उभे राहून एक फोटो काढून पाहावा.